ऋणमुक्तीचा दीप

आश्विन अमावास्येची सायंकाळ. पाटावर अक्षतांचे अष्टदल किंवा स्वस्तिक काढून त्यावर लक्ष्मीची स्थापना होते. लाह्या, बत्तासे, धने आणि गूळ यांचा नैवेद्य दाखविला जातो. नवी केरसुणी हळदीकुंकू वाहून पुजली जाते, कारण घरातील अलक्ष्मी झाडून काढणारी तीच होय. व्यापाऱ्यांच्या पेढीवर या मुहूर्तावर नव्या चोपड्यांची पूजा होते, पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ ही अक्षरे उमटतात आणि मागील वर्षीचे येणे-देणे नव्या खात्यावर ओढले जाते. व्यापाऱ्याच्या चोपडीला मिळणारा हा मान आपल्या घरातील जमाखर्चाच्या वहीला मात्र क्वचितच मिळतो. पुष्कळशा घरांत तर अशी वहीच नसते. असते ती केवळ एक अस्वस्थता. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर ती वाढू लागते आणि हप्त्याच्या दिवशी ती शिगेला पोचते.

घरात दोन-तीन वर्षांचे मूल असले म्हणजे ही अस्वस्थता अधिकच गहिरी होते. एकीकडे घराचा हप्ता, एकीकडे पाळणाघराची फी. एकीकडे जुन्या उधारीचा तगादा, दुसरीकडे बाळाच्या तापासाठी आणावयाचे औषध. अशा संसारात लक्ष्मीची पूजा करताना ‘मला धन दे’ एवढेच मागणे अपुरे वाटते. ‘मला ऋणातून मुक्त कर, आणि तोवर माझ्या घरातील प्रसन्नता राख’ हे मागणे अधिक खरे आहे. आपल्या धर्मपरंपरेने या मागण्याचा पुरेसा विचार करून ठेवला आहे.

सुखी कोण?

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांचे आख्यान सर्वपरिचित आहे. तळ्याकाठी चारही भाऊ निश्चेष्ट पडलेले असताना यक्ष धर्मराजाला जे प्रश्न विचारतो, त्यांपैकी एक प्रश्न असा की, या जगात सुखी कोण? धर्मराजाच्या उत्तरात राजवैभव नाही, पुत्रपौत्रांचा परिवार नाही, सोन्याचा उल्लेखही नाही. जो आपल्या स्वतःच्या घरी, दिवस बराच कलल्यावर का होईना, साधी भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर कोणाचे ऋण नाही आणि ज्याला पोटासाठी परदेशी भटकावे लागत नाही, तो सुखी, असा त्या उत्तराचा आशय आहे. हे उत्तर देणारा मनुष्य द्यूतात राज्य हरलेला आणि वनवास भोगणारा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. अनृणी असणे, म्हणजे कोणाचे देणे नसणे, हे सुखाचे लक्षण म्हणून त्याने सांगितले ते अनुभवाच्या बळावर.

दोन ऋणे, एकच ओंजळ

ऋण हा शब्द आपल्याकडे केवळ पैशापुरता नाही. मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे वैदिक परंपरा मानते: ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. यातील तिसऱ्या ऋणाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. केवळ अपत्य जन्माला घातल्याने ते फिटत नाही. त्या अपत्याचे भरणपोषण, त्याच्यावरील संस्कार, त्याला दिलेला वेळ आणि माया यांतून ते हळूहळू फिटत जाते.

म्हणजे लहान मूल असलेल्या कर्जदार दांपत्यावर एकाच वेळी दोन ऋणे असतात. एक बँकेचे वा सावकाराचे, दुसरे पितरांचे. एकाचा हप्ता महिन्याला असतो, दुसऱ्याचा दररोज. पैशाचे ऋण लवकर फेडावे म्हणून आईवडील दोघेही रात्री उशिरापर्यंत राबतात, आणि मूल झोपी गेल्यावर घरी येतात. ही धडपड समजण्यासारखी असली, तरी एका ऋणाची फेड दुसऱ्या ऋणाच्या तिजोरीतून होत नाही ना, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. कर्ज सहा महिने उशिरा फिटले तर थोडे व्याज अधिक पडेल. मुलाचे दुसरे किंवा तिसरे वर्ष मात्र एकदाच येते.

राजा हरिश्चंद्राची कथा आपण सत्यवचनासाठी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण ती कथा एका ऋणाचीही आहे. विश्वामित्रांना द्यावयाची दक्षिणा चुकती करण्यासाठी राजाने प्रथम पत्नी तारामती आणि बालक रोहिदास यांना विकले, व नंतर स्वतःला. वचन पुरुषाने दिले, आणि त्याचा भार पत्नीवर व ज्याला काहीच कळत नव्हते अशा बालकावरही पडला. कर्जाच्या कागदावर सही करताना प्रत्येक गृहस्थाने हे चित्र मनासमोर आणावे.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. पूर्वीच्या हिंदू कायद्यात पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले जाई व न्यायालये ते अमलात आणीत. २००५ सालच्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने, त्यानंतर काढलेल्या कर्जांपुरते, केवळ या कर्तव्याच्या आधारे पुत्र, पौत्र वा प्रपौत्र यांच्याविरुद्ध कारवाई करण्याचा धनकोचा हक्क संपुष्टात आणला. वारशाने आलेल्या मिळकतीवरील बोजा अर्थातच निराळा. तथापि कायद्याने मुलाला मोकळे केले म्हणून पित्याची जबाबदारी हलकी होत नाही, उलट ती त्याच्या हयातीतच पुरी करावयाची असते.

देवाचे कर्ज आणि संताचे कागद

ऋण असणे हे काही पाप नव्हे. तिरुपतीच्या वेंकटेशाची कथा सांगते की, पद्मावतीशी विवाह करण्यासाठी साक्षात् भगवंतांनी कुबेराकडून कर्ज घेतले आणि त्याचे व्याज ते कलियुगाच्या अंतापर्यंत फेडीत राहणार आहेत. भक्त हुंडीत जे अर्पण करतात ते या फेडीसाठी, अशी श्रद्धा आहे. देवालाही ज्या कर्जातून सुटका नाही, ते कर्ज मंगलकार्यासाठीचे होते, हा या कथेतील बारकावा आपल्या घरांनी जरूर टिपावा.

दुसरे उदाहरण देहूचे. तुकोबारायांच्या घरी महाजनकी व सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे घर होरपळले, पत्नी रखमाबाई आणि लहानगा संतोबा यांचा अंत झाला. पुढे वडिलार्जित कर्जरोख्यांपैकी धाकट्या भावाच्या वाट्याचे रोखे त्यास देऊन, आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले, असे परंपरा सांगते. उपासमारीने आपले मूल गेल्याचे दुःख ज्याने सोसले, त्याला दुसऱ्याच्या घरातील देण्याचा तगादा करवला नाही.

याच पुणे परिसरात, १८७५ सालच्या मे महिन्यात सुपे येथे कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले. त्या उठावानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. एका ठिकाणी धनकोने करुणेने कागद बुडविले, दुसऱ्या ठिकाणी ऋणकोंनी संतापाने जाळले. आपल्यासारख्या सामान्य गृहस्थांच्या वाट्याला या दोहोंपैकी कोणताच मार्ग येत नाही. आपल्याला कागदावरचा एकेक आकडा शांतपणे खोडीत जावयाचे असते.

व्याजाची गती

त्यासाठी प्रथम व्याज ओळखले पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सामान्य कर्जावर दरमहा शेकडा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे, म्हणजे वर्षाला शेकडा पंधरा. जंगलातून वा समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी दर याहून पुष्कळ अधिक होते, कारण तेथे धोका मोठा होता. धर्मशास्त्रातील दामदुप्पटीचा नियमही असाच शहाणपणाचा आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, असा हा नियम असून ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयानेही तो हिंदूंच्या व्यवहारांना लावला.

आता आजच्या व्यवहाराकडे पाहू. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास आकारणी करणारी कार्डे आहेत. म्हणजे घरात बसून दूध-साखर घेणाऱ्या गृहस्थाला कौटिल्याच्या धर्म्य दराच्या पावणेतीनपट व्याज पडते. समजा, कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत. महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर अठरा टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ३१५ रुपये, एकूण २,०६५. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये छापलेले असतात. ते भरून आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मुद्दलातून फिटले केवळ ४३५ रुपये! किमान रक्कम भरणे म्हणजे दारातील अलक्ष्मीला केवळ उंबऱ्यापर्यंत नेऊन पुन्हा आत घेणे होय.

घराचे कर्ज याहून सौम्य, परंतु दीर्घ. वीस लाख रुपये शेकडा नऊ दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपयांचा पडतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते ते अवघे तीन हजारांनी. वीस वर्षांत एकूण व्याज तेवीस लाखांवर जाते. मात्र आरंभापासून दरवर्षी बारांऐवजी तेरा हप्ते भरले, तर हेच कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीबद्दल बँकांनी दंड आकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच दिलेला आहे. पुष्कळ कर्जदारांना याची कल्पना नसते.

घरची चोपडी

एका काल्पनिक घराचा हिशेब मांडून पाहू. पती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात, पत्नी अर्धवेळ नोकरीत, मूल अडीच वर्षांचे. दोघांची मिळून घरी येणारी रक्कम ४८,००० रुपये. घराचा हप्ता १८,०००. शीतकपाटाचा हप्ता १,५००, तो अजून बारा महिने. कार्डावर थकलेले ५०,०००. आणि बाळंतपणाच्या वेळी मेहुण्यांकडून हातउसने घेतलेले ४०,०००, बिनव्याजी. किराणा, दूध, भाजी व गॅस १०,५००, पाळणाघर ४,०००, जाणेयेणे २,५००, वीज, फोन व सोसायटीचा आकार ३,५००, औषधपाणी १,५००. सर्व वजा जाता उरतात ६,५०० रुपये.

या साडेसहा हजारांचे काय करावे? पहिले ५०० रुपये गंगाजळीत टाकावेत. कर्ज असताना शिल्लक कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मूल लहान असलेल्या घरी रात्रीबेरात्री डॉक्टरांकडे धावावे लागते, आणि हाताशी चार पैसे नसले की पुन्हा कार्डच बाहेर निघते. दुसरे ५०० मेहुण्यांना द्यावेत. बिनव्याजी उसन्याला पैशाचे व्याज नसते, पण मनाचे असते. दरमहा लहानशी रक्कम न चुकता पोचली, तर भाऊबीजेच्या पाटावर बसताना बहिणीची मान खाली जात नाही. उरलेले ५,५०० सर्वांत महाग कर्जावर, म्हणजे कार्डावर भरावेत आणि कार्ड कपाटात बंद ठेवावे. या गतीने ती थकबाकी बाराव्या महिन्यात संपते. म्हणजे या लक्ष्मीपूजनाला आरंभ केला, तर पुढील लक्ष्मीपूजनाच्या सुमारास कार्ड निरंक होते. शीतकपाटाचे हप्तेही तेव्हाच संपतात. मग हाती दरमहा साडेसात हजार मोकळे होतात व मेहुण्यांचे राहिलेले ३४,००० पाच महिन्यांत फिटतात. त्यानंतर गंगाजळी वाढवावी आणि घराच्या कर्जाचा तेरावा हप्ता सुरू करावा.

आकडे प्रत्येक घराचे निराळे असतील. क्रम मात्र बहुतेक घरांना लागू पडेल: प्रथम गंगाजळीचा थेंब, मग महाग व्याज, मग नात्यातील देणे, अखेरीस घराचे कर्ज. ज्या घरी महाग व स्वस्त कर्जांत फारसा फरक नाही, तेथे सर्वांत लहान कर्ज आधी फेडावे. एक खाते बंद झाले की मनाला जो धीर येतो, तोही मोलाचा असतो.

ही वही पतिपत्नींनी एकत्र बसून लिहावी. पुष्कळ घरांत कर्जाइतकेच कर्ज लपविणे घातक ठरते. पतीने मित्राकडून घेतलेले पैसे पत्नीला ठाऊक नसतात, पत्नीने भिशीतून उचललेली रक्कम पतीला ठाऊक नसते, आणि दोघांनी कसोशीने केलेला हिशेब चुकतो तो याच अदृश्य आकड्यांमुळे. लग्नात अर्थ आणि काम या विषयांत परस्परांचे अतिक्रमण न करण्याचे वचन दिलेले असते. त्यातील अर्थ हा शब्द आपण सहसा विसरतो.

बाळाच्या कानी काय पडते?

अडीच वर्षांच्या मुलाला व्याज कळत नाही. परंतु आवाज चढला हे त्याला कळते, आईने भांडे आपटले हे कळते, बाबा जेवताना बोलले नाहीत हेही कळते. म्हणून पैशाची बोलणी मूल झोपल्यावर, आठवड्यातून एक दिवस ठरवून करावीत. रोजच्या जेवणाच्या ताटावर हप्त्याचा विषय आणू नये.

काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचाही विवेक हवा. मुलाचे दूध, फळ, लस आणि औषध यांना हात लावू नये. सरकारी लसीकरण कार्यक्रमातील लसी विनामूल्य मिळतात आणि अंगणवाडीची योजना तर १९७५ सालच्या गांधीजयंतीपासून चालू आहे. त्यांचा लाभ घेण्यात कमीपणा कसला? उलट पहिल्या वाढदिवसाचा मांडव, दर महिन्याचे नवे खेळणे, शेजारच्या मुलासारखाच पोशाख, यांतील पुष्कळसे आपण मुलासाठी करीत नसून पाहणाऱ्यांसाठी करीत असतो.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्याला लागते ती ओली माती, चार दगड, मूठभर अळीव पेरलेले आणि बाबांचा एक संपूर्ण दिवस. यातील एकच गोष्ट महाग आहे, आणि तिला उसनवारी चालत नाही. मोठेपणी मुलाच्या स्मरणात राहतो तो किल्लाच.

ऋण काढून सण नव्हे

‘ऋण काढून सण करणे’ हा आपल्या भाषेतील एक टोमणा आहे आणि तो आपल्याच पूर्वजांनी आपल्यासाठी करून ठेवला आहे. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी उसनी आणून चालत नाही. धनत्रयोदशीला सोने घेतलेच पाहिजे असा कोणत्याही शास्त्राचा दंडक नाही. त्या दिवशीचा नैवेद्यच मुळी धने आणि गुळाचा असतो. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंची आरास मांडण्यापेक्षा चकलीचे चार घाणे घरी तळावेत आणि पणत्या थोड्या पण तेलाने भरलेल्या लावाव्यात. जाहिरातींच्या कलकलाटात हे सांगणे जुनाट वाटेल. परंतु सणाचे पावित्र्य खर्चाने वाढत नाही.

हप्तेच भरणे अशक्य झाले असेल, तर तोंड लपवू नये. बँकेत वा पतसंस्थेत स्वतः जाऊन मुदत वाढवून मागावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या आदेशानुसार वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करू नये, तसेच कर्जदाराला वा त्याच्या कुटुंबीयांना धमकावू नये. दूरध्वनीवरून चुटकीसरशी कर्ज देऊ करणाऱ्या अनोळखी मंडळींपासून तर दूरच राहावे. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा असून, त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. भगिनींना बचत गटाचाही आधार आहे. नाबार्डने १९९२ पासून असे गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला आणि त्यातून लहान गरजेसाठी सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी पुष्कळ जणींवरून टळली.

पाडव्याची ओवाळणी

बलिप्रतिपदा हा दिलेला शब्द पाळणाऱ्या राजाच्या स्मरणाचा दिवस. तिसरे पाऊल ठेवावयास जागा उरली नाही तेव्हा बळीराजाने स्वतःचे मस्तक पुढे केले. ऋण फेडणारा सामान्य गृहस्थही आपापल्या परीने हेच व्रत चालवीत असतो. त्याच्या व्रताला कोणी मखर मांडीत नाही, त्याचे उद्यापन कोणत्या पंचांगात नसते.

म्हणून यंदा लक्ष्मीसमोर घरच्या जमाखर्चाची एक नवी वही ठेवावी. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढावे व त्याखाली सर्व देणी, एकही न लपविता, दोघांनी आपल्या हातांनी लिहावीत. पाडव्याला पत्नी ओवाळील तेव्हा तबकात साडीची घडी नसली तरी चालेल. ‘हे एक खाते पुढच्या वर्षी बंद करीन’ असा शब्द त्या तबकात पडावा, आणि पुढील पाडव्याला त्याच तबकात निरंक झालेल्या खात्याची पावती पडावी. तिच्याइतके शुभशकुनी दुसरे दान नाही.

समुद्रातून प्रकटलेली महालक्ष्मी ज्या घरी स्वच्छता, सत्य आणि सलोखा पाहते तेथे स्थिर होते, अशी आपली श्रद्धा आहे. आपल्या घरची वही स्वच्छ होवो, पतिपत्नींच्या मुखी परस्परांविषयी सत्य राहो आणि पाळण्यातील बाळाच्या कानी सलोख्याचेच शब्द पडोत, हीच या मंगल पर्वावर तिच्या चरणी प्रार्थना.